विश्लेषण : ‘बार्बारा’, ‘बारोको’, ‘बोकार्दो’… युक्तिवादांना अशी नावे का? तेराव्या शतकातील हा ‘कोड’ कसा वाचायचा?

प्राध्यापकपदासाठी आवश्यक असलेल्या नेट परीक्षेच्या, तसेच महाराष्ट्र-गोव्यासाठीच्या सेट परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये तर्कावर आधारित एक घटक असतो. त्याच्या अभ्यासक्रमात ‘मूड’ आणि ‘फिगर’ असे दोन शब्द आहेत. त्यांचा शोध घेऊ लागले की काही विचित्र नावे समोर येतात – बार्बारा, केलारेंत, दारीई, फेरीओ. अनेक उमेदवार ती पाठ करतात, परीक्षा देतात आणि विसरून जातात. प्रत्यक्षात या नावांतील जवळपास प्रत्येक अक्षर नेमून दिलेले काम करते. युक्तिवाद कसा आहे हे स्वर सांगतात आणि तो बरोबर असल्याचे सिद्ध कसे करायचे हे व्यंजने सांगतात. मध्ययुगीन युरोपातील विद्यार्थ्यांनी शतकानुशतके पाठ केलेला हा ‘कोड’ काय आहे आणि आज तो कळून काय उपयोग, हे समजून घेऊ.

युक्तिवादाला नाव देण्याची गरज का पडली?

सुरुवात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलपासून (इ.स.पू. ३८४ ते ३२२) होते. दोन विधाने खरी मानली की तिसरे विधान खरे मानावेच लागते, असे कधी घडते, हा त्याचा प्रश्न होता. उदाहरणार्थ :

सगळ्या सस्तन प्राण्यांना फुप्फुसे असतात.
सगळे देवमासे सस्तन प्राणी आहेत.
म्हणून सगळ्या देवमाशांना फुप्फुसे असतात.

पहिली दोन विधाने म्हणजे आधार, तिसरे म्हणजे निष्कर्ष. अशा तीन विधानांच्या युक्तिवादाला सिलॉजिझम म्हणतात. यात देवमाशांऐवजी वटवाघळे आणि फुप्फुसांऐवजी हृदय घातले तरी युक्तिवादाचा साचा बदलत नाही. एकदा साचा बरोबर ठरला, की त्यात कोणताही विषय ओता. आधार खरे असतील तर निष्कर्ष खरा निघणारच. तर्कशास्त्राला यातील विषयाशी नव्हे, तर साच्याशी कर्तव्य असते.

मात्र साचे अनेक आहेत आणि त्यांतील फार थोडे बरोबर आहेत. बरोबर कोणते, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासत बसण्याऐवजी ते लक्षात ठेवता आले तर सोपे जाते. त्यासाठी नावे आली. ॲरिस्टॉटलने स्वतः ती दिलेली नव्हती. ती त्याच्यानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी लॅटिनमध्ये तयार झाली.

नावांतील स्वर काय सांगतात?

पारंपरिक तर्कशास्त्रात विधाने चार प्रकारची मानली जातात आणि प्रत्येकाला एक स्वर दिलेला आहे.

आ – सगळ्यांबद्दल होकार. ‘सगळ्या माशांना कल्ले असतात.’
ए – सगळ्यांबद्दल नकार. ‘कोणताही देवमासा मासा नाही.’
ई – काहींबद्दल होकार. ‘काही सस्तन प्राणी उडतात.’
ओ – काहींबद्दल नकार. ‘काही समुद्री जीवांना कल्ले नसतात.’

हे स्वर दोन लॅटिन क्रियापदांतून घेतल्याचे सांगितले जाते. ‘अफ्फीर्मो’ म्हणजे ‘मी होकार देतो’. त्याच्या रोमन लिपीतील स्वरांपैकी पहिले दोन म्हणजे आ आणि ई. ‘नेगो’ म्हणजे ‘मी नाकारतो’. त्यातील ए आणि ओ. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हीच अक्षरे इंग्रजी उच्चाराने ए, ई, आय, ओ अशी वाचली जातात. त्यामुळे मराठीत वाचताना गोंधळ होऊ शकतो. या लेखात सगळीकडे लॅटिन उच्चार वापरला आहे. इंग्रजी वळणाने ‘सेलारेंट’ किंवा ‘सेसारे’ अशी म्हटली जाणारी नावेही म्हणूनच येथे केलारेंत, केसारे अशी लिहिली आहेत.

आता ‘बार्बारा’ या नावातील स्वर पाहा : आ-आ-आ. म्हणजे दोन्ही आधार आणि निष्कर्ष ‘सगळे’ म्हणणारे. वरचा देवमाशांच्या फुप्फुसांचा युक्तिवाद नेमका असाच आहे. तो ‘बार्बारा’ झाला. तीन स्वरांच्या या क्रमालाच ‘मूड’ म्हणतात.

मग ‘फिगर’ म्हणजे काय?

फिगर म्हणजे आकृती. वरच्या युक्तिवादात ‘सस्तन प्राणी’ हे पद दोन्ही आधारांत आले, पण निष्कर्षात नाही. त्याने दोन पदांना जोडण्याचे काम केले आणि ते बाजूला झाले. त्याला मध्यपद म्हणतात. मध्यपद आधारांत कुठे आहे, त्यावरून चार आकृती ठरतात.

पहिल्या आकृतीत ते पहिल्या आधारात आधी आणि दुसऱ्या आधारात नंतर येते. दुसऱ्या आकृतीत दोन्हीकडे नंतर. तिसऱ्या आकृतीत दोन्हीकडे आधी. चौथ्या आकृतीत पहिल्या आधारात नंतर आणि दुसऱ्यात आधी. पहिला आधार कोणता, हेही ठरलेले आहे : निष्कर्षात ज्याबद्दल बोलले जाते ते पद दुसऱ्या आधारात असते आणि त्याच्याबद्दल जे सांगितले जाते ते पहिल्या आधारात. ॲरिस्टॉटलने तीनच आकृती मोजल्या. चौथी स्वतंत्र मानण्याची पद्धत नंतर रूढ झाली.

आता गणित करू. तीन विधाने, प्रत्येक चारपैकी एका प्रकारचे. म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ मूड. त्यांना चार आकृतींनी गुणले की २५६ साचे होतात. या २५६ मधून परंपरेने नावे दिलेले बरोबर साचे निघाले अवघे १९.

ही १९ नावे कोणती?

पहिली आकृती – बार्बारा, केलारेंत, दारीई, फेरीओ.
दुसरी आकृती – केसारे, कामेस्त्रेस, फेस्तीनो, बारोको.
तिसरी आकृती – दाराप्ती, फेलाप्तोन, दीसामीस, दातीसी, बोकार्दो, फेरीसोन.
चौथी आकृती – ब्रामांतीप, कामेनेस, दीमारीस, फेसापो, फ्रेसीसोन.

चौथ्या आकृतीतील काही नावे वेगवेगळ्या पुस्तकांत थोडी वेगळी आढळतात. उदाहरणार्थ, ब्रामांतीपऐवजी ‘बामालीप’. पहिल्या आकृतीतील चार साचे एकाच कुटुंबातील उदाहरणांनी लगेच पटतात.

बार्बारा – वर पाहिला तो.
केलारेंत (ए-आ-ए) – कोणत्याही सस्तन प्राण्याला कल्ले नसतात. सगळे देवमासे सस्तन प्राणी आहेत. म्हणून कोणत्याही देवमाशाला कल्ले नसतात.
दारीई (आ-ई-ई) – सगळ्या सस्तन प्राण्यांना फुप्फुसे असतात. काही समुद्री जीव सस्तन प्राणी आहेत. म्हणून काही समुद्री जीवांना फुप्फुसे असतात.
फेरीओ (ए-ई-ओ) – कोणत्याही सस्तन प्राण्याला कल्ले नसतात. काही समुद्री जीव सस्तन प्राणी आहेत. म्हणून काही समुद्री जीवांना कल्ले नसतात.

हे चार साचे ॲरिस्टॉटलने ‘परिपूर्ण’ मानले. ते वाचताक्षणी पटतात. त्यांना वेगळा पुरावा लागत नाही. उरलेले साचे मात्र तसे चटकन पटत नाहीत. ते या चारपैकी एखाद्या साच्याच्या रूपात मांडून दाखवावे लागतात. हे रूपांतर कसे करायचे, त्याच्या सूचना नावांतील व्यंजनांत भरलेल्या आहेत.

व्यंजनांतील सूचना कोणत्या?

सूचना पाचच आहेत.

१. नावाचे पहिले अक्षर : ब, क, द किंवा फ. हे अक्षर त्या युक्तिवादाचे रूपांतर पहिल्या आकृतीतील कोणत्या साच्यात करायचे ते सांगते. बारोको जातो बार्बाराकडे, केसारे केलारेंतकडे, दाराप्ती दारीईकडे, फेस्तीनो फेरीओकडे.

२. स : आधीच्या स्वराचे विधान सरळ उलटवा. ‘कोणताही मासा सस्तन नाही’ याचे ‘कोणताही सस्तन प्राणी मासा नाही’ होते. अर्थ तोच राहतो. हे ए आणि ई या दोन प्रकारांतच चालते.

३. प : आधीच्या स्वराचे विधान उलटवा, पण ‘सगळे’चे ‘काही’ करा. ‘सगळे कोल्हे प्राणी आहेत’ हे उलटवून ‘सगळे प्राणी कोल्हे आहेत’ म्हणता येत नाही; ‘काही प्राणी कोल्हे आहेत’ एवढेच म्हणता येते.

४. म : दोन आधारांची अदलाबदल करा.

५. मधला क : निष्कर्ष खोटा आहे असे मानून पुढे जा आणि विसंगती दाखवा.

स किंवा प तिसऱ्या स्वरानंतर आला, तर रूपांतरानंतर मिळालेला निष्कर्ष उलटवायचा. बाकीची र, त, ल, न ही अक्षरे, तसेच नावाच्या मध्ये येणारे ब आणि द, उच्चार सुकर व्हावा म्हणून आलेली आहेत. त्यांना काम नाही.

मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्यांना हा प्रकार अगदीच अनोळखी वाटणार नाही. ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र आठवा. यगण कसा, तर ‘य’पासून तीन अक्षरे घ्या : यमाता – लघु, गुरु, गुरु. गणाचे नाव आणि त्याची मांडणी एकाच सूत्रात बसते. लॅटिन नावे त्याच जातीची आहेत. फरक इतकाच की त्यांत मांडणीबरोबर सिद्धताही भरलेली आहे.

‘कामेस्त्रेस’ उलगडून पाहता येईल का?

मराठीत देवमाशाच्या नावातच ‘मासा’ आहे, पण तो मासा नाही. हे सिद्ध करणारा युक्तिवाद असा :

सगळ्या माशांना कल्ले असतात.
कोणत्याही देवमाशाला कल्ले नसतात.
म्हणून कोणताही देवमासा मासा नाही.

स्वरांचा क्रम आ-ए-ए. ‘कल्ले असलेले जीव’ हे मध्यपद दोन्ही आधारांत नंतर आले, म्हणून आकृती दुसरी. नाव : कामेस्त्रेस. आता नावातील अक्षरांप्रमाणे चालू.

सुरुवातीचा क सांगतो की केलारेंतकडे जायचे आहे. म सांगतो की आधारांची अदलाबदल करा. पहिल्या ए नंतर स आहे, म्हणून देवमाशाचे विधान सरळ उलटवा : ‘कल्ले असलेला कोणताही जीव देवमासा नाही.’ आता नवी मांडणी अशी होते :

कल्ले असलेला कोणताही जीव देवमासा नाही.
सगळे मासे कल्ले असलेले जीव आहेत.
म्हणून कोणताही मासा देवमासा नाही.

हा केलारेंत झाला. शेवटच्या ए नंतर पुन्हा स आहे, म्हणून मिळालेला निष्कर्ष उलटवा : ‘कोणताही देवमासा मासा नाही.’ जे सिद्ध करायचे होते तेच हाती आले. आठ-नऊ अक्षरांच्या एका शब्दात पूर्ण कृती क्रमवार साठवलेली आहे. ठरावीक पायऱ्या, त्यांचा ठरावीक क्रम आणि शेवटी हमखास उत्तर, याला आज आपण अल्गोरिदम म्हणतो.

बारोको आणि बोकार्दो वेगळे का?

या १९ नावांपैकी मधला क फक्त बारोको आणि बोकार्दो या दोघांत आहे. त्याचे कारण ओ प्रकारच्या विधानात आहे. ‘काही प्राणी कोल्हे नाहीत’ हे खरे आहे, पण ते उलटवून ‘काही कोल्हे प्राणी नाहीत’ म्हटले तर खोटे होते. ओ विधान उलटवता येत नाही. म्हणून या दोन साच्यांत स, प, म यांपैकी कोणतीही सूचना उपयोगी पडत नाही आणि आडमार्गाने जावे लागते.

बारोकोचे उदाहरण असे : सगळ्या माशांना कल्ले असतात. काही समुद्री जीवांना कल्ले नसतात. म्हणून काही समुद्री जीव मासे नाहीत. समजा, हा निष्कर्ष खोटा आहे. मग सगळे समुद्री जीव मासे आहेत असे मानावे लागेल. सगळ्या माशांना कल्ले असतात, हे तर आधीच मान्य आहे. या दोहोंतून बार्बाराच्या साच्याने निघते की सगळ्या समुद्री जीवांना कल्ले असतात. पण काहींना नसतात, हेही आपण मान्य केले होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. म्हणजे मूळ निष्कर्ष नाकारता येत नाही.

विद्यार्थ्यांना बोकार्दो अवघड जात असे, याची खूण इंग्लंडच्या इतिहासातही सापडते. ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीवरील तुरुंगाचे नाव ‘बोकार्दो’ होते. शिरल्यावर बाहेर पडणे कठीण, म्हणून विद्यापीठातील मंडळींनी त्याला तर्कशास्त्रातील नाव दिले, असे सांगितले जाते. ह्यू लॅटिमर, निकोलस रिडली आणि थॉमस क्रॅनमर या तीन धर्मसुधारकांना १५५५-५६ मध्ये जाळून मारण्यापूर्वी याच तुरुंगात ठेवण्यात आले होते. ‘बरोक’ या कलाशैलीचे नाव ‘बारोको’वरून आले असावे, असेही एक मत आहे. मात्र वेड्यावाकड्या मोत्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून ते आले, हे मत अधिक प्रचलित आहे.

ही नावे कोणी तयार केली?

ती पहिल्यांदा कोणाला सुचली याची नोंद नाही. तेराव्या शतकात इंग्लंडमधील विल्यम ऑफ शेरवुड आणि ‘पीटर ऑफ स्पेन’ यांच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांत ही नावे गुंफलेला लॅटिन श्लोक आढळतो. पीटरचे पुस्तक पुढे अनेक शतके युरोपातील विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून चालले. हा पीटर म्हणजेच १२७६ मध्ये पोप झालेला एकविसावा जॉन, असे परंपरेने मानले गेले. आता त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. हा पोप १२७७ मध्ये इटलीतील विटेर्बो येथे राहत्या वाड्यातील खोलीचे छत कोसळून मरण पावला.

त्या काळी छापखाना नव्हता. हाताने लिहिलेले पुस्तक महाग होते आणि विद्यापीठातील वादविवाद तोंडी चालत. समोरच्याने मांडलेला युक्तिवाद बरोबर की चूक, हे जागच्या जागी ठरवावे लागे. अशा वेळी वृत्तात बसवलेली ओळ डोक्यात असणे ही सोय होती. याच कामासाठी ग्रीक भाषेतही शब्द योजलेले होते. बार्बाराच्या जागी तेथे ‘ग्रामाता’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘अक्षरे’ आणि त्यातही आ हा स्वर तीनदा येतो. ग्रीक शब्दांना अर्थ आहे, पण रूपांतराच्या सूचना नाहीत. लॅटिन नावे तयार करणाऱ्यांनी अर्थावर पाणी सोडले आणि सूचना भरल्या.

मग ही पद्धत हास्यास्पद का ठरली?

कारण पाठांतर उरले आणि समज हरवली. नावे घोकायची, त्यांवरून वाद घालायचे, पण जगाबद्दल नवे काही शोधायचे नाही, असे स्वरूप विद्यापीठीय तर्कशास्त्राला आले, असा आक्षेप प्रबोधनकाळात घेतला गेला. १५८० मध्ये निबंध प्रसिद्ध करणारे फ्रेंच लेखक मिशेल द मोंतेन यांनी मुलांच्या शिक्षणावर लिहिताना बारोकोसारख्या नावांची टर उडवली. इमॅन्युएल कांट यांनी १७६२ मध्ये चार आकृतींचा हा पसारा म्हणजे पोकळ बारकावा असल्याची टीका केली.

बाजूने बोलणारेही होते. १८४७ मध्ये ‘फॉर्मल लॉजिक’ हे पुस्तक लिहिणारे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन या जादूभऱ्या शब्दांत ठासून अर्थ भरला आहे असे मानत. संगणक आणि विद्युतमंडलांच्या अभ्यासक्रमात ज्यांच्या नावाचे नियम शिकवले जातात, तेच हे डी मॉर्गन. त्यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याकडे, मदुराईत झाला होता.

त्याच १८४७ साली जॉर्ज बूल यांनी तर्काला बीजगणिताचे रूप दिले आणि नावांची गरज हळूहळू संपली. १८८० मध्ये जॉन व्हेन यांनी वर्तुळांच्या आकृत्या मांडल्या. १८८३ मध्ये अमेरिकी संशोधक ख्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांनी सगळ्या साच्यांसाठी मिळून एकच कसोटी दिली : दोन आधार घ्या, निष्कर्षाऐवजी त्याच्या विरुद्ध विधान ठेवा; ही तीन विधाने एकत्र नांदूच शकत नसतील तर युक्तिवाद बरोबर. वर बारोको सिद्ध करताना आपण हेच केले. एका शब्दातील ‘क’ या सूचनेचा हा सार्वत्रिक नियम झाला. लॅड-फ्रँकलिन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीएच.डी.चे काम १८८२ पर्यंत पूर्ण केले होते. स्त्री असल्याने त्यांना पदवी मिळाली ती १९२६ मध्ये.

बरोबर साचे १९, २४ की १५?

पुस्तकांत हे तिन्ही आकडे सापडतात आणि परीक्षार्थींचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. १९ ही परंपरेने नावे दिलेल्या साच्यांची संख्या. जेथे ‘सगळे’ असा निष्कर्ष निघतो तेथे ‘काही’ असा सौम्य निष्कर्षही काढता येतो, असे धरले की आणखी पाच साचे मिळतात. बार्बाराचा ‘बार्बारी’ होतो. मिळून २४. प्रत्येक आकृतीत बरोबर सहा. लायबनिट्झ यांनी १६६६ मध्ये केलेली मोजणीही २४ आहे.

१५ हा आकडा आधुनिक तर्कशास्त्राचा. त्यामागचे कारण समजण्यासाठी दाराप्ती पाहू. सगळी वटवाघळे उडतात. सगळी वटवाघळे सस्तन आहेत. म्हणून काही सस्तन प्राणी उडतात. हे ठीक वाटते, कारण वटवाघळे आहेत. आता हाच साचा जलपऱ्यांना लावा. सगळ्या जलपऱ्यांना माशाची शेपटी असते. सगळ्या जलपऱ्या माणसासारख्या बोलतात. म्हणून माणसासारखे बोलणाऱ्या काही जीवांना माशाची शेपटी असते. आधार गोष्टीपुरते मान्य केले, तरी निष्कर्षाने असा जीव खरोखर अस्तित्वात आहे असा दावा केला.

‘सगळे’ म्हणताना तसे कोणी आहे असेही आपण सांगतो का? ‘विनातिकीट प्रवास करणाऱ्या सगळ्यांना दंड होईल’ ही सूचना त्या दिवशी एकही फुकटा प्रवासी नसला तरी खोटी ठरत नाही. आधुनिक तर्कशास्त्र ‘सगळे’चा असा अर्थ घेते. त्यामुळे दाराप्ती, फेलाप्तोन, ब्रामांतीप, फेसापो आणि ते पाच सौम्य साचे असे नऊ बाद होतात. २४ मधून नऊ गेले की १५ उरतात. विशेष म्हणजे दाराप्ती, फेलाप्तोन, ब्रामांतीप आणि फेसापो या चारही नावांत प आहे. ‘सगळे’चे ‘काही’ करण्याची पायरी जेथे आहे, नेमकी तेथेच शंका निघाली.

बँक आणि इतर स्पर्धा परीक्षांतील सिलॉजिझमच्या प्रश्नांत ‘सगळे अ ब आहेत’ यावरून ‘काही अ ब आहेत’ हे सहसा बरोबर धरले जाते. मूड-फिगर विचारणाऱ्या प्रश्नांत मात्र पारंपरिक अर्थ घ्यायचा की आधुनिक, हे आधी पाहावे. दाराप्तीचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

परीक्षेबाहेर याचा काय उपयोग?

नावांच्या यादीतून दोन गोष्टी सहज दिसतात. दुसऱ्या आकृतीतील चारही नावांचा तिसरा स्वर पाहा : केसारे, कामेस्त्रेस, फेस्तीनो, बारोको. ए, ए, ओ, ओ. म्हणजे दुसऱ्या आकृतीतून कधीच होकारी निष्कर्ष निघत नाही. दोन गोष्टींत एक गुण समान आहे, यावरून त्या दोन्ही एकच असल्याचे सिद्ध होत नाही. ‘मुले पळवणारे बाहेरगावचे असतात. हे लोक बाहेरगावचे आहेत. म्हणून हे मुले पळवणारे आहेत.’ या साच्याला २४ नावांच्या पूर्ण यादीतही जागा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. मोबाइलवरून अफवा फिरत होत्या. अफवेचे विधान खरे की खोटे हे त्या क्षणी तपासता येत नसले, तरी त्यावरून समोरच्या माणसाबद्दल काढलेला निष्कर्ष टिकत नाही, हे साच्यावरूनच सांगता येते.

तिसऱ्या आकृतीतील सहाही नावांचा तिसरा स्वर ई किंवा ओ आहे. म्हणजे तेथून ‘काही’च्या पुढे जाता येत नाही. जाहिरातीतील सगळे विद्यार्थी गुणवत्ता यादीत आले. ते सगळे अमुक क्लासचे. यावरून फार तर एवढेच म्हणता येते की क्लासचे काही विद्यार्थी गुणवत्ता यादीत आले. क्लासला गेलेले सगळे येतील, हे जाहिरात वाचणारा स्वतःच्या मनाने जोडतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. ‘सगळ्या माशांना कल्ले असतात. सगळे देवमासे मासे आहेत. म्हणून सगळ्या देवमाशांना कल्ले असतात.’ हा निर्दोष बार्बारा आहे, तरी निष्कर्ष खोटा आहे, कारण दुसरा आधारच खोटा आहे. साचा बरोबर असणे आणि विधाने खरी असणे, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिलीसाठी बार्बारा आणि तिच्या बहिणी मदत करतात. दुसरीसाठी देवमासा पाहिलेल्या माणसाला विचारावे लागते.